जिनातला उजेड

वर्तमानपत्रात चूक छापली गेली की दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर, तळाशी, लहान अक्षरांत दुरुस्ती येते. नाव चुकलं, वय चुकलं, गाव चुकलं. इतकी वर्षं या कामात काढूनही माझ्या मजकुराच्या अशा दुरुस्त्या फार थोड्या आल्या. सहकारी त्याचं कौतुक करतात आणि मी ते ऐकून घेते. पण एक दुरुस्ती कुठेच आलेली नाही. ती चूक ओळखणारी तीन माणसं त्या दिवशी तिथे होती, आणि त्या तिघांपैकी कोणी ती उघड सांगितली नाही. मीही नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. आता तुम्हाला का सांगते आहे? ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढं एक कारण सापडतं.

आधी जागा सांगते. जागेबद्दल बोलणं मला सोपं जातं.

अमरावतीत, बडनेऱ्याच्या रस्त्याला, एक बंद पडलेलं जीन होतं. आमच्याकडे कापसाच्या जिनिंग फॅक्टरीला जीन म्हणतात. त्या वर्षांत वऱ्हाडात अशी बरीच जिनं बंद पडली. का पडली, त्यावर मी पुढे नोकरी म्हणून पुष्कळ लिहिलं. इथे नाही लिहीत. या जिनाच्या फाटकावर नवा फलक लागला होता, आर्किटेक्चरच्या कॉलेजचा. मी नांदगाव खंडेश्वरची, वडील तिथे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. कॉलेज म्हणजे तीन मजले, लांब गॅलऱ्या, जिन्यावर बसलेली मुलंमुली, असं काहीतरी डोक्यात घेऊन मी आले होते. मला एका शेडपुढे उभं करण्यात आलं आणि सांगितलं गेलं, हा तुमचा स्टुडिओ.

मी आत गेले आणि मान वर केली.

ते नीट सांगता येईल का? प्रयत्न करते. आत एकही खांब नव्हता. इतकी रुंद जागा, आणि मध्ये काही नाही. वर मेळघाटच्या सागाच्या कैच्या, एकामागे एक, अकरा. कैची म्हणजे छपराचं वजन पेलणारा लाकडी त्रिकोणी सांगाडा. माणसाच्या मांडीएवढे वासे, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेले, शंभरेक वर्षं जागचे न हललेले. त्यांच्याखाली आमची ड्रॉइंगची टेबलं भातुकलीतल्या पाटांसारखी दिसत होती. पहिल्या बॅचची आम्ही मोजकी मुलं. त्यातला एक हळूच म्हणाला, "इथं तं आमचं आख्खं गाव झोपते." कोणी हसलं नाही. आवाज वर गेला आणि खाली यायला वेळ लागला.

प्राचार्य गावंडे सर स्वतः शिकवायचे. ते म्हणाले, "दुसरीकडच्या पोरांना कैची पुस्तकातल्या चित्रात बघावी लागते. तुम्ही फक्त मान वर करा." त्या वाक्याने मी त्या जागेची झाले, असं आजही म्हणेन.

पण त्या जागेत दिसत नव्हतं.

हे थोडं समजावून द्यायला हवं. शेडच्या दक्षिणेच्या भिंतीत, खूप उंचावर, ओळीने खिडक्या होत्या. त्यातून ऊन आत यायचं ते पट्ट्यापट्ट्यांनी. ज्याच्या कागदावर पट्टा पडला त्याचे डोळे दिपायचे, शेजारच्याला पेन्सिलीची रेघ दिसायची नाही. पट्टा सरकत जायचा आणि आम्ही टेबलं सरकवत जायचो. ट्यूबलाइट होत्या, पण लोडशेडिंगचे दिवस. ऐन वर्गाच्या वेळेला लाइट जायची ती तासन्‌तास. खेरीज रेखाटणाऱ्याची एक जुनी अडचण असते. हाताची सावली नेमकी पेन्सिलीच्या टोकावर पडते, आणि जिथे बघायचं तिथेच अंधार. माझ्या पहिल्या वर्षाच्या सगळ्या शीटवर उजव्या बाजूच्या रेघा जाड आहेत. ठेवल्या आहेत मी त्या.

तर — हमीदभाई.

त्यांचं पूर्ण नाव शेख हमीद शेख करीम. अचलपूरचे सुतार. कॉलेजची टेबलं करायला आले आणि राहिले, कारण आम्हाला लाकडी मॉडेल, सांधे, चौकटी शिकवायला कोणीतरी लागत होतं आणि गावंडे सरांना त्यांच्यासारखा दुसरा मिळाला नाही. सरकी ठेवायच्या जुन्या खोलीत त्यांची कार्यशाळा होती. पातळ, उंच माणूस, कानामागे पेन्सिल. ते रंधा मारायचे तेव्हा भुगा पडायचा नाही, सलग रिबिनी पडायच्या. आम्हा मुलींना बेटा म्हणायचे आणि मुलांना, चूक झाली की, 'इंजिनियर साहेब'. त्यांच्या तोंडी ती शिवी होती.

दुसऱ्या वर्षी आम्हाला मोजणीचं काम दिलं. उभी इमारत फुटाफुटाने मोजायची आणि जशी आहे तशी कागदावर उतरवायची. इमारत कुठली, तर हीच. माझ्या वाट्याला उत्तरेची भिंत आली. त्या भिंतीवर, जमिनीपासून साडेनऊ फुटांवर, एक आडवी रेघ होती. रेघेखाली गिलावा गुळगुळीत आणि पिवळट, वर खरखरीत. ती भिंतभर सरळ जात होती. मी ती इमानाने मोजली, रेखाटली, आणि बाण काढून बाजूला लिहिलं — ओल.

हमीदभाई मागे येऊन उभे राहिले होते.

"काहून वो बेटा, ओल लिहून राहिली का तू?"

"ओलच आहे ना? रंग बघा."

"अमरावतीले साडेनऊ फूट ओल चढली तं आपून बोटीत बसून शिकलो असतो." ते हसले, मग हात लावला भिंतीला. "हे रुईची रेघ हाय. सरकी निंघाली का रुई इथं पडे. ढीग इथलोक चढे. बारीक होतो तवा मी याच जिनात होतो, मशीनीचे पट्टे बदलाले. रुई घासू घासू भित गुळगुळीत झाली, पाह्य."

मी हात लावला. खरंच, गालासारखी होती भिंत.

ते पुढे जे बोलले ते मी तेव्हा वहीत लिहून घेतलं होतं, कारण मला ते विलक्षण वाटलं. ते म्हणाले, "आन एक सांगू? तवा इथं दिवसा दिवा लागे नाई. ढीग खिडकीच्या जवळ पोचे, ऊन ढिगावर पडे, आन सारं छप्पर पेटल्यावानी उजळे. खाली सुईत दोरा ओवता ये. कापूस गेला तं अंधार आला इथं. लोकाईले वाटते का खिडक्या लहान हायेत. खिडक्या तेवढ्याच हायेत."

किती जण आले होते त्या शेडमध्ये! पुण्याचे एक पाहुणे अध्यापक छपरात काच बसवा म्हणून सांगून गेले होते. दुसरे म्हणाले होते, शेड पाडा. आम्ही स्वतः दोन वर्षं टेबलं ओढत होतो. आणि हा माणूस भिंतीवरची रेघ वाचून सांगत होता, की इथे उजेड होता आणि तो वरून नव्हे, खालून येत होता.

पुढच्या दोन महिन्यांत त्यांनी ते करून दाखवलं. दक्षिणेच्या खिडक्यांच्या खाली, आतल्या बाजूला, रुंद फळ्या. बिजागऱ्यांवर बसवलेल्या, दोरीने कमीजास्त कलत्या करता येतील अशा. फळ्यांना पांढरा चुना. कैच्यांच्या वरच्या काळवंडलेल्या तक्तपोशीलाही, म्हणजे छपराच्या आतल्या लाकडी अस्तरालाही, चुना. तो आम्ही मुलांनी मारला, परातीएवढे चट्टे अंगावर घेऊन. फळ्या कोणत्या उंचीला? ढीग जिथपर्यंत चढायचा त्याच्या हिशेबाने. हमीदभाईंनी एकदाही टेप काढला नाही. शिडीवर उभे राहून ते म्हणायचे, "अजून हातभर. ढिगाची टोपी इथं राहे."

शेवटची फळी बसली तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. लाइट गेलेली होती. त्यांनी दोरी ओढली.

मी त्यानंतर बरंच काही पाहिलं. बातमीदाराला पाहावं लागतं. पण तसं पुन्हा पाहिलं नाही. ऊन फळ्यांवर पडलं, तिथून वर गेलं आणि अख्खी तक्तपोशी उजळली. वासे, पट्ट्या, खिळ्यांची डोकी, सगळं एकदम दिसायला लागलं. मग तो उजेड खाली आला, सगळीकडून, कुठूनच न आल्यासारखा. वैशालीने — ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची — कागदावर हात धरला आणि ओरडली, "अगं, सावली नाही!" आम्ही सगळ्यांनी आपापले हात कागदावर धरले. कोणाच्याच हाताला सावली नव्हती. एक मुलगा उगाचच उडी मारून बघत होता. गावंडे सर दारातच थांबले होते, चप्पल काढावी की काय अशा चेहऱ्याने.

हमीदभाई शिडीवरून उतरले, हात झटकले आणि म्हणाले, "चला आता. बहाना सरला. रेघा सरळ काहाडा."

हे सगळं मी इतकं लांबवते आहे. लक्षात येतंय माझ्या.

तिसऱ्या वर्षी आर्किटेक्चर परिषदेची तपासणी समिती यायची होती. कॉलेजची मान्यता पुढे चालू ठेवायची की नाही, ते तिच्या अहवालावर ठरणार. त्या आठवड्यात काय काय झालं! ग्रंथालयात मिळतील तिथून आणून पुस्तकं लावली. दगड, विटा, फरश्यांचे नमुने मांडून एक खोली तयार केली. कुणाच्या तरी घरून वॉटर कूलर आला, आणि हमीदभाई येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावू लागले, "त्याले हात नोका लावू. पाव्हणा हाय. समितीसंगंच जाईन."

तपासणीच्या आदल्या दिवशी गावंडे सरांनी मला बोलावलं. माझं रेखाटन वर्गात चांगलं होतं. स्टुडिओचा उभा छेद — म्हणजे इमारत सुरीने कापल्यावर आतलं दिसेल तसं चित्र — मी मोठ्या शीटवर काढत होते, फळ्या, ऊन, तक्तपोशी, टेबलं, सगळं. सर म्हणाले, "हे समितीला पहिलं दाखवायचं. आणि नीट ऐका. कार्यशाळेवर पदविका असलेला माणूस हवा असा नियम आहे. हमीदभाईंकडे शाळेचाही दाखला नाही. पण समितीचे प्रमुख मनावर घेतील तर कारागीर म्हणून अपवाद करता येतो. एखादं काम समोर दिसलं पाहिजे, ज्यावरून कळेल हा माणूस काय आहे. ते काम हेच. कोपऱ्यात ठळक लिहा. संकल्पना, शेख हमीद शेख करीम. त्याखाली रेखाटन, तुमचं नाव. मी बोलेनच, पण कागदावर असू द्या."

शीटच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात नावाची चौकट असते. आमच्यात ती चौकट फार मानाची. कोणी काय केलं, ते तिथे लिहिलेलं असतं आणि जे लिहिलेलं असतं ते खरं मानलं जातं. मी चौकट आखली. 'रेखाटन' पुढे माझं नाव लिहिलं. 'संकल्पना' लिहिलं आणि त्यापुढची जागा मोकळी ठेवली. स्वतःशी म्हणाले, हे नाव सकाळी, ताज्या हाताने लिहू.

तेव्हा माझ्या मनात काही होतं का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे, की आता उत्तरावर विश्वास उरलेला नाही. जागा मोकळी होती. एवढं खरं.

सकाळी समिती आली, तिघं जण. दोघांना सर ग्रंथालय आणि कागदपत्रं दाखवायला घेऊन गेले. प्रमुख मात्र, एक वयस्कर, शांत गृहस्थ, दारातून आत आले आणि तिथेच उभे राहिले. मान वर. मी त्यांच्या चेहऱ्यावर तेच पाहिलं जे तीन वर्षांपूर्वी माझ्या चेहऱ्यावर असलं पाहिजे. ते एका टेबलाशी गेले, कागदावर हात धरला, हात फिरवला, चष्मा काढून पुसला, पुन्हा हात धरला.

"सावली कुठे गेली?" ते म्हणाले. कोणाला विचारत नव्हते.

स्टुडिओत त्या वेळी आम्ही तिघंच होतो. मी शीटपाशी, वैशाली तिच्या मॉडेलपाशी, आणि दक्षिणेच्या भिंतीला, दोरी हातात धरून, हमीदभाई. प्रमुख माझ्या शीटसमोर आले. बराच वेळ बघत राहिले. बोटाने ऊन फळीवरून तक्तपोशीकडे आणि तिथून टेबलाकडे नेलं. मग त्यांचं बोट कोपऱ्यातल्या चौकटीवर आलं.

"इथे नाव राहिलंय. कोणाची ही कल्पना?"

मी म्हणाले, "माझी, सर."

झालं. इतकंच आहे ते. एक शब्द आणि एक सर.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कोणी माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं. मग खिशातून स्वतःचं शाईचं पेन काढून माझ्यापुढे धरलं. "मग लिहा. अशी जागा रिकामी ठेवू नये."

मी पेन घेतलं आणि वाकले. आणि त्याच वेळी, सूर्य थोडा सरकला होता म्हणून असेल, कागदावरचा उजेड जरासा मंदावला. पाठीमागे बिजागरी कुरकुरली. हमीदभाईंनी दोरी ओढून फळी कलती केली होती. कागद पुन्हा लख्ख झाला. माझ्या अक्षरांवर हाताची सावली पडली नाही. ते अक्षर मी आजवर काढलेलं सगळ्यात चांगलं अक्षर आहे.

त्यांनी ऐकलं होतं का? पंधरा फुटांचं अंतर. आवाज त्या शेडमध्ये कसा फिरतो, मघाशी सांगितलं.

गावंडे सर परत आले तेव्हा प्रमुख माझं कौतुक करत होते. सरांनी शीटकडे पाहिलं, चौकट वाचली, माझ्याकडे पाहिलं. मी ती नजर धरून ठेवली, खाली पाहिलं नाही. आपल्या विद्यार्थिनीने समितीपुढे खोटं सांगितलं, असं म्हणायचं तर मान्यतेचं काय? त्यांना गप्प राहणं भाग होतं आणि ते मला ठाऊक होतं. त्यांनी कार्यशाळेत हमीदभाईंची ओळख करून दिली, कारागीर म्हणून शब्द टाकला. प्रमुख नम्रपणे म्हणाले, "हात चांगला असेल, पण दाखवण्यासारखं काही?" सरांनी टेबलं दाखवली.

अहवाल आला. स्टुडिओतल्या उजेडाबद्दल त्यात स्वतंत्र परिच्छेद होता आणि त्यात माझं नाव. पुढच्या पानावर, कार्यशाळेत पात्र व्यक्ती नेमावी, अशी ओळ. मान्यता मिळाली. महिनाअखेर हमीदभाईंनी हत्यारं पोत्यात गुंडाळली. मी निरोपाला गेले होते. सगळेच गेले होते, मी वेगळी दिसले असते. ते मला म्हणाले, "दरसाल चुना लावजा बेटा, दिवाळीच्या आंधी. न्हाई तं पिवळं पडते." मी हो म्हणाले.

वैशाली त्या दिवसापासून शेवटच्या वर्षापर्यंत माझ्याशी कामापुरतं बोलली. एकदाच, शीट प्रदर्शनात लागली होती तेव्हा, माझ्याजवळ येऊन म्हणाली, "अक्षर मस्त आलंय तुझं." आणि गेली.

मी आर्किटेक्ट झाले नाही. पदवी घेतली, थोडे महिने एका कार्यालयात नकाशे काढले आणि अकोल्यात एका दैनिकात लागले. जठारपेठेत भाड्याच्या खोलीत राहायचे. ती वर्षं वऱ्हाडात बातमीदारीची कशी होती, ते इथे सांगायला बसले तर स्वतःसाठी सहानुभूती मागितल्यासारखं होईल. मी आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरी जाऊन पूर्ण नाव, वय, गाव, तालुका विचारायचे आणि अचूक लिहायचे. तिथेच माझं नाव झालं. मग एका संपादकांना कळलं की तो प्रसिद्ध स्टुडिओ माझ्याच कॉलेजातला. तोवर लांबून लोक तो बघायला येत होते. त्यांनी रविवारच्या पुरवणीसाठी लेख मागितला. लिहिण्याची पद्धत तोवर मला आली होती. त्या लेखात रुईचा ढीग आहे, भिंतीवरची रेघ आहे, फळ्या, चुना, तक्तपोशी, सगळं तपशीलवार आहे. स्वतःचं नाव मी नम्रपणे टाळलं. 'विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी मिळून हा उजेड परत आणला' असं लिहिलं. वाचकांची पत्रं आली.

इथवर जे सांगितलं, ते एकवीस वर्षांच्या मुलीने केलेलं आहे असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणत असे. लेखाचं काय, लेखात कोणाचंच नाव नाही, असंही म्हणत असे. म्हणून पुढचं सांगायला हवं. खरं तर हेच सांगायचं होतं.

लेखानंतर काही वर्षांनी मी अचलपूरला गेले. अमरावतीहून एसटीने, मुद्दाम, दुसरं काही काम नसताना. काय बोलायचं ते बसमध्ये ठरवून. पत्ता विचारावा लागला नाही. हमीद सुतार म्हटल्यावर पहिल्याच माणसाने हात दाखवला. गल्लीत लहानसं दुकान. दारांच्या चौकटी भिंतीला टेकवलेल्या. हमीदभाईंची दाढी पांढरी झाली होती, कानामागची पेन्सिल तीच. त्यांनी मला लगेच ओळखलं. इतके खूश झाले की हातातला रंधा ठेवायचं विसरले. "अवो, पाहा कोन आली! आपल्या कॉलेजची बेटी! बस, बस. चाय सांगतो."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, गल्लीतलीच, रोजची असावीत. एक जण माझ्याकडे बघून हसला आणि भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर, प्लास्टिकच्या कागदात, माझा लेख लावलेला होता. पूर्ण पान. कडा पिवळ्या पडलेल्या.

"हे तुमीच लिहेलं हाय ना बाई?" तो म्हणाला. "बरं झालं आले. आमचे चाचा येनाऱ्या-जानाऱ्याले हे पेपर दाखवते, आन म्हंते का हे लाईट मी बनवली. आमी म्हंतो, चाचा, पेपरात तं तुमचं नाव नाई. तं म्हंते, लिहिनारीले मालूम हाय."

दुसरा म्हणाला, "चाचाले पुसलं तं ताजमहालबी यायनंच बांधला." दोघं हसले. रोजचा विनोद होता, त्यात विष नव्हतं.

"अरे चूप बसा," हमीदभाई म्हणाले, पण तेही हसत होते, आणि माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. वाट बघत होते. खरंच फक्त वाट बघत होते.

"सांगा ना बाई," पहिला म्हणाला. "खरं हाय का हे?"

मी त्या लेखाकडे पाहिलं. खाली माझं नाव होतं, ठळक अक्षरांत. मग मी म्हणाले, "तो सगळ्यांनी मिळून केला. हमीदभाईही होते त्यात."

गिऱ्हाईक म्हणालं, "हां, मंग तेच तं!" आणि मांडीवर थाप मारली. दुसरा म्हणाला, "चाचा, आता फैसला झाला."

हमीदभाईंनी मान हलवली. "हो. सारेच होते," ते म्हणाले. "पोराइनं चुना मारला. लय मेहनत केली पोराइनं." आणि रंधा उचलून चौकटीवर ठेवला. रिबिनी पडायला लागल्या, लांब, न तुटणाऱ्या. मी त्या बघत राहिले. या वयातही एक तुटत नव्हती.

चहा आला, तो मी प्यायले.

मी तेव्हा सदतीस वर्षांची होते. माझ्यावर कोणाचा दाब नव्हता, कोणाची मान्यता अडकलेली नव्हती, दुकानात मला हरकत घेणारं कोणी नव्हतं. प्रश्न सरळ होता. उत्तर एका शब्दाचं होतं. अमरावतीच्या शेवटच्या बसला अजून अडीच तास होते.